बीएमएसचा कारीगर : तार ओढण्यापासून लॅपटॉपपर्यंत

दहावी झालेल्या मुलाला कोणत्या कामात घालावे, हा प्रश्न आमच्या पेढीवर कापडाच्या भावाइतकाच चर्चिला जातो. लूमवाल्याला आपला मुलगा लूमवर नको असतो. दुकानदाराच्या दुकानात एका घराचे भागते, दोन घरांचे भागत नाही. मग एसीच्या उस्तादाकडे, मोबाइल दुरुस्तीला, नाहीतर आखाताच्या व्हिसामागे, अशा ठरलेल्या वाटा. त्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्याच शेजारून आणखी एक वाट निघते आणि तिच्याकडे आपल्या वस्तीतल्या मुलांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. तिची माहिती वाचक बंधूंना द्यावी म्हणून हा लेख.

या कामाला बाजारात बीएमएस म्हणतात, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. (घरात सांगताना जपून सांगावे. मुंबईच्या कॉलेजांतली याच नावाची पदवी इतकी प्रसिद्ध आहे की, मुलगा मॅनेजर होणार असे समजून मंडळी पेढे वाटायला निघतात.) मोठे हॉस्पिटल, मॉल, पंचतारांकित हॉटेल, कचेऱ्यांचा मनोरा, औषधांचा कारखाना किंवा डेटा सेंटर, कोणतीही मोठी इमारत घ्या. तिच्यात थंड हवेची यंत्रे, पाण्याचे पंप, पंखे, दिवे, जनरेटर, टाक्या अशा शेकडो गोष्टी असतात. त्या सगळ्यांवर लहान लहान कंट्रोलर नजर ठेवतात, गरज असेल तेव्हा यंत्र चालू करतात, गरज सरली की बंद करतात, आणि सगळा हिशेब एका पडद्यावर मांडतात. ही व्यवस्था बसवणारा, जोडणारा, तपासणारा आणि बिघडली तर दुरुस्त करणारा जो माणूस, त्याच्याविषयी आपण बोलत आहोत.

कापडाच्या माणसाने यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. एक कारण घरचे आहे. आमचा एक भाचा बरीच वर्षे या कामात आहे आणि त्याच्या तोंडून आम्ही या धंद्याचे ऊन-पाऊस ऐकत आलो आहोत. दुसरे कारण जुने आहे. १९८२ च्या संपानंतरही मुंबईत ज्या थोड्या गिरण्या चालू होत्या, तिथे वडिलांबरोबर माल पाहायला आम्ही जात असू. विणाई खात्यात शिरले की ओलसर, कोंदट हवा अंगाला चिकटे. खांबांवर ओला आणि कोरडा असे दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असत. वडील सांगत की कापसाचे सूत हे तहानलेले असते, हवा कोरडी पडली की ताण्याची तार तुटते. वैशाखात भिवंडी-मालेगावच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात ते याचसाठी. विणाईला हवेत साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता मजा पाहा. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच कापड गिरणीतून आला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना प्रांतात स्टुअर्ट क्रेमर नावाचे गिरण्यांचे इंजिनिअर होते. गिरणीतल्या हवेला हवी तेवढी ओल देण्याच्या कामाला त्यांनी १९०६ साली हे नाव दिले. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखले होते, कारण दमट हवेत कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. आणि त्याहीआधी, १८८३ साली, विस्कॉन्सिनमधले एक शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी वर्गातले तापमान विजेच्या तारेने खालच्या बॉयलरवाल्याला कळवण्याचे पेटंट घेतले. शिपायाने दर तासाला वर्गात डोकावायचे, हा त्रास त्यांना नको होता. दोन वर्षांनी त्यांनी कंपनी काढली. म्हणजे माणसाच्या सुखासाठी म्हणून आपण जी थंड हवा ओळखतो, तिचा एक पाय पहिल्यापासून मालाच्या सुखात होता.

लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल आहे. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत. जिथे साचे होते तिथे काचेचे मनोरे उभे राहिले, आणि काचेची इमारत म्हणजे उन्हात ठेवलेली बरणी. तिला थंड ठेवण्याचे वीजबिल मालकाच्या छातीत धडकी भरवते. शिवाय सरकारचा रेटा आहे. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली २००७ साली आलेली आणि २०१७ साली सुधारलेली इमारतींची संहिता, मग २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत, तिथे थंडावा काही मिनिटे थांबला तरी चालत नाही. गिरणी गेली, पण हवा सांभाळणाऱ्या माणसाची गरज त्याच जमिनीवर, निराळ्या नावाने, राहिली आहे.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण कामाचे स्वरूप कळल्याशिवाय शिक्षणाचा विचार करणे व्यर्थ आहे.

इमारतीच्या गच्चीवर किंवा तळघरात चिलर असतो. तो पाणी साधारण ७ अंशांपर्यंत थंड करून पाठवतो आणि १२ अंशांच्या आसपास गरम होऊन ते परत येते. प्रत्येक मजल्यावर एक मोठा पेटारा असतो, त्याला एएचयू म्हणतात. त्यातल्या नळ्यांच्या जाळीतून थंड पाणी फिरते आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. पाणी किती सोडायचे ते व्हॉल्व्ह ठरवतो, बाहेरची ताजी हवा किती घ्यायची ते डॅम्पर ठरवतो, पंखा किती वेगाने फिरवायचा ते व्हीएफडी ठरवते. पंख्याचा वेग शंभरावरून ८० टक्क्यांवर आणला तर हिशेबाने वीज जवळजवळ निम्मीच लागते. हे गणित ज्याला समजले त्याला मालक खुर्ची देतात. परंतु वेग कधी कमी करायचा हे कंट्रोलरला कळण्यासाठी हवेचे तापमान, दाब, आर्द्रता, खोलीतला कार्बन डायऑक्साइड हे सगळे मोजणारे सेन्सर लागतात. ते सेन्सर भिंतीवर आणि नळीत बसवणे, त्यांच्या तारा पॅनेलपर्यंत आणणे, कंट्रोलरच्या बरोबर त्याच खुंटीला जोडणे, आणि दाखवलेला आकडा खरा आहे याची खातरी करणे, हे टेक्निशियनचे काम.

ऐकायला सोपे वाटते. पण एका एएचयूवर असे दहा-पंधरा पॉइंट, आणि मोठ्या इमारतीत मिळून हजारो. प्रत्येक पॉइंट दोघांनी मिळून तपासावा लागतो. एकजण यंत्रापाशी, दुसरा पडद्यापाशी, मध्ये फोन. हा सेन्सर मुठीत धरतो, तो आकडा चढतो का पाहतो. हा व्हॉल्व्ह पन्नास टक्के उघडायला सांगतो, तो शिडीवर चढून खरोखर पन्नास टक्के उघडला का बघतो. पुष्कळदा उलटा फिरलेला असतो. पडद्यावर ‘बंद’ आणि खाली पाणी धो धो. कागदावर टिक करून मोकळे होणारेही भेटतात, आणि सहा महिन्यांनी तीच टिक त्यांच्या ठेकेदाराच्या गळ्यात येते.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट. एका कचेरीत रोज दुपारी तीननंतर माणसे थंडीने कुडकुडत. चिलर तपासला, व्हॉल्व्ह बदलला, कंट्रोलर बदलायची ऑर्डर तयार झाली. याने जाऊन पाहिले तर खोलीचा सेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारचे ऊन थेट त्याच्यावर. सेन्सर बिचारा खरे सांगत होता की मला उकडते आहे, आणि यंत्र इमानाने गारवा वाढवत होते. सेन्सर आतल्या खांबावर सरकवला आणि काम संपले. ही नजर कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. लूमच्या जॉबरला आवाजावरून कुठला भाग सैल झाला ते कळते, तसलाच हा प्रकार आहे.

यात जबाबदारीही मोठी. आग लागली तर धूर इतर मजल्यांवर पसरू नये म्हणून एएचयू आपोआप बंद पडला पाहिजे. ऑपरेशन थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची घाण आत येत नाही. उलट संसर्गाच्या रुग्णाच्या खोलीत तो कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर जात नाही. २०२० च्या साथीत हे दोन शब्द हॉस्पिटलवाल्यांना पाठ झाले. दाबाच्या सेन्सरच्या दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर पडदा सगळे ठीक म्हणेल आणि हवा उलटी वाहत राहील. तेव्हा हे काम निष्काळजी मुलाचे नव्हे, हे पालकांनी आधीच समजून असावे.

शिकायचे कुठे? ‘बीएमएस’ या नावाची पाटी सरकारी आयटीआयमध्ये शोधू नये. पाया चार ट्रेडमधून घातला जातो : इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. चारही दहावीनंतर दोन वर्षांचे. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पद्धतीने होतात आणि दहावीच्या निकालानंतर मुदत भराभर निघून जाते. मामाच्या गावाहून परतेपर्यंत यादी लागलेली असते, हे दरवर्षी घडते.

चौघांपैकी कोणता घ्यावा, यावर आमचे मत असे. सगळे इलेक्ट्रिशियनकडे धावतात आणि तो वाईट नाहीच; पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना काढता येतो, तो कुठेही उपयोगी पडतो. पण या कामासाठी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक अधिक जवळचा, कारण मोजमाप हाच त्याचा विषय. ज्या मुलाला ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे काय ते कळले त्याला निम्मे कळले. सेन्सरचा सर्वात खालचा आकडा शून्याने न दाखवता चाराने दाखवतात. का? तर तार तुटली की शून्य येते, आणि मग ‘तापमान अगदी कमी आहे’ आणि ‘तार तुटली आहे’ यांतला फरक पॅनेलपाशी बसूनच समजतो. एसीच्या ट्रेडवाल्याला यंत्राचे पोट कळते, तो तारेत कच्चा असतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला तार आणि कार्ड कळते, त्याला एएचयूत वाकून पाहायचा कंटाळा. ज्याच्यात जे कमी आहे ते त्याने नोकरीत भरून काढायचे आहे. ही चौकट ध्यानात ठेवली म्हणजे कोणताच ट्रेड वाया जात नाही.

आयटीआयनंतर लगेच पगाराच्या मागे लागू नये, उमेदवारी करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराचे विद्यावेतन महिना किमान ७,००० रुपये आणि पदविकावाल्याचे ८,००० ठरले होते. रक्कम पाहून घरचे नाक मुरडतात. पण वर्षअखेर परीक्षा होऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते ते आखातात आणि सरकारी जागांसाठी कागद म्हणून चालते, आणि हॉस्पिटल, विमानतळ किंवा मोठ्या कंपनीच्या प्लांटरूममध्ये एक वर्ष फिरायला मिळते. हे वर्ष चांगल्या फोरमनच्या हाताखाली गेले तर त्याची किंमत पैशांत होत नाही.

खाजगी संस्थांविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या शेजारच्या एका विणकराने मुलाच्या अशाच कोर्ससाठी घरातले दागिने गहाण ठेवले. तीन महिने, मोठी फी, ‘शंभर टक्के नोकरी’चा बोर्ड. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही. वर्गात प्रोजेक्टर होता, कंट्रोलर एक होता आणि तो काचेच्या कपाटात होता. मुलाने तीन महिन्यांत एकही सेन्सर जोडला नाही. नोकरी लागली ती एका इमारतीत रात्रपाळीला पडद्यासमोर बसण्याची, आणि ती त्याला कोर्सशिवायही मिळाली असती. तेव्हा फी भरण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन बघावे : मुलांच्या हातात मल्टिमीटर आहे का, टेबलावर कंट्रोलर, व्हॉल्व्ह, ड्राइव्ह जोडलेले आहेत का, मागच्या वर्षीच्या दोन मुलांचे फोन नंबर देतात का. कापड घेताना आपण ताका उलगडतो, बोटांत चोळतो, उजेडात धरतो. मुलाच्या दोन वर्षांसाठी एवढे करायला काय हरकत आहे?

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. या धंद्यात दोन दारे आहेत आणि बाहेरून ती सारखीच दिसतात.

एक दार ऑपरेटरचे. मॉल किंवा टॉवरमध्ये माणसे पुरवणारी एजन्सी मुलाला घेते, गणवेश देते, बारा तासांची पाळी, थंड खोली, समोर पडदा. घंटी वाजली की नोंदवहीत लिहायचे आणि टेक्निशियनला फोन लावायचा. पहिला पगार बरा असतो, कपडे मळत नाहीत, आईला समाधान वाटते. पाच वर्षांनी तो मुलगा तिथेच असतो. एजन्सी बदलते, गणवेशाचा रंग बदलतो, पगार जेमतेम सरकतो. पडदा पाहून पाहून त्याला इमारत पाठ झालेली असते, पण पडद्यामागचे काही त्याच्या हाती आलेले नसते, कारण प्रोग्रॅमचा पासवर्ड त्याला कोणी दिलेला नसतो.

दुसरे दार ठेकेदाराचे, म्हणजे जो ही व्यवस्था बसवतो त्याचे. तिथे सुरुवात तार ओढण्यापासून. धूळ, शिडी, अर्धवट इमारतीत लिफ्ट नाही, जेवण जिन्यावर. पगार ऑपरेटरपेक्षा कमीही असू शकतो. आमच्या भाच्याने दोन वर्षे मॉलमध्ये रात्रपाळी केल्यावर कमी पगारावर असे ठेकेदाराचे काम धरले, तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. त्याच्या अम्मीने आमच्याकडे फिर्याद आणली. आम्ही त्याला एकच विचारले, तिथे तुला काय शिकवणार? तो म्हणाला, ‘मामू, तिथले साहेब कमिशनिंगला जाताना बरोबर नेतात आणि लॅपटॉप हातात देतात.’ आम्ही बहिणीला सांगितले, जाऊ दे त्याला.

कारण लॅपटॉप ही या धंद्याची किल्ली आहे. तार ओढणाऱ्या हेल्परचा टेक्निशियन होतो तो पॅनेलमधल्या जोडण्या नकाशावरून करू लागला की. तिथपर्यंत पुष्कळजण पोहोचतात. तिथून वर जायचे तर कंट्रोलरशी बोलता आले पाहिजे. सगळे कंट्रोलर दोन तारांच्या एका वेटोळ्या केबलवर माळेसारखे ओवलेले असतात. प्रत्येकाचा पत्ता निराळा. दोघांना चुकून एकच पत्ता पडला की ती माळ अडखळते. माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. केबलवरची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची. अशा बारीक चुकांपायी चार-चार दिवस जातात, आणि चूक शोधणारा मुलगा साहेबांच्या ध्यानात राहतो.

भाषेचाही भाग आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्याच बोलीत बोले. एका कंपनीची व्यवस्था घेतली की मालक जन्मभर तिच्या दारात बांधलेला. मॉडबस नावाची साधी बोली १९७९ पासून कारखान्यांत होती. इमारतींसाठी अमेरिकेतल्या ॲशरे या इंजिनिअरांच्या संस्थेने १९८७ मध्ये समिती बसवली आणि १९९५ साली बॅकनेट नावाची सर्वांना खुली बोली जाहीर केली. २००३ मध्ये ती जागतिक मानक झाली. आमच्या मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. बॅकनेट आणि मॉडबस या दोन बोली ज्याला येतात तो एका कंपनीचा बांधील राहत नाही. हनीवेल असो, सीमेन्स असो, जॉन्सन कंट्रोल्स असो की श्नायडर, त्याचे हुनर सगळीकडे चालते. त्याच्या जोडीला आयपी ॲड्रेस, स्विच, नेटवर्क यांचे साधे ज्ञान आता अनिवार्य झाले आहे.

या टप्प्यावर कोर्स करावा, त्याआधी नव्हे. निरनिराळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एका पडद्यावर आणणारी नायगारा नावाची एक प्रणाली जगभर वापरात आहे. तिचे प्रमाणपत्र शिक्षण साधारण आठवडाभराचे असते आणि शेवटी परीक्षा. ज्याने साइटवर दोन-तीन वर्षे हात काळे केले आहेत त्याला त्या आठवड्यात सोने मिळते. कोऱ्या मुलाला फक्त कागद मिळतो. शहाणा ठेकेदार हा खर्च स्वतः करतो आणि दोन वर्षे राहण्याचे लिहून घेतो. असे बंधन असेल तर घाबरू नये, मात्र कागद वाचून सही करावी आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

पुढच्या पायऱ्या मग ओळीने येतात, पण सर्वांना सारख्या मानवत नाहीत. कमिशनिंग करणाऱ्याला गावोगाव फिरावे लागते. सर्व्हिसवाल्याला रात्रीबेरात्री फोन येतो, पण ग्राहक त्याला नावाने ओळखतात आणि ती ओळख पुढे भांडवल होते. प्रोग्रॅम लिहिणारा आणि पडद्यावरची चित्रे बनवणारा टेबलावर बसतो. हे काम आपल्या मुलींनीही उत्तम करावे असे आहे, पॅनेल वायरिंगही तसेच. ज्याला हिशेब आवडतो त्याने नकाशा पाहून किती पॉइंट, किती केबल, किती मजुरी याचा अंदाज काढायला शिकावे. व्यापाऱ्याच्या घरातली मुले यात चमकतात असा आमचा अनुभव आहे.

शिक्षणाचे दारही बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला महाराष्ट्रात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेनंतर तशीच पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पदविका आणि त्यावर काही वर्षांचा अनुभव असेल तर केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची एनर्जी मॅनेजरची परीक्षा देता येते. मजल्यावर शिडी लावणारा मुलगा उद्या त्याच इमारतीचे वीजबिल तपासायला बसू शकतो.

भाषेची धास्ती हा आपल्याकडचा खास अडसर. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, तेव्हा ही धास्ती आम्हाला आतून माहीत आहे. मुलगा हाताने हुशार असतो, पण इंग्रजी मॅन्युअल उघडले की त्याचा चेहरा पडतो. वास्तविक त्या मॅन्युअलमध्ये कादंबरी नसते. तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात, आणि नकाशातल्या खुणांना भाषाच नसते. रोज दहा शब्द वहीत उतरवले, समोर उर्दूत किंवा मराठीत अर्थ लिहिला, तर महिन्याभरात मॅन्युअल बोलू लागते. अवघड आहे ते रिपोर्ट लिहिणे. ‘सेन्सर खराब’ एवढ्याने भागत नाही. कुठला सेन्सर, किती दाखवत होता, मीटरने किती आला, काय बदलले, हे चार ओळींत इंग्रजीत लिहावे लागते. बढती ठरवणारा साहेब साइटवर येत नाही, तो हा कागदच वाचतो.

आखाताचे सांगायचे तर तिथे हा धंदा आपल्याहून जुना आणि मोठा. अबू धाबीची तबरीद १९९८ पासून आणि दुबईची एम्पॉवर २००३ पासून पूर्ण वसाहतींना एकाच ठिकाणाहून थंड पाणी पुरवतात, त्या पाण्याचे मीटर, व्हॉल्व्ह, पंप सगळे या कारीगरांच्या हाती. पण तिथे कोरा मुलगा पाठवू नये; तो तिथेही तार ओढत राहतो, फक्त ऊन जास्त. इथे चार-पाच वर्षे करून, कमिशनिंगचे रिपोर्ट स्वतःच्या नावाने जमवून मग जावे. दहावी पास असल्याने पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट पडत नाही, हा एक लाभ. मात्र त्यामुळे एजंट तपासायची जबाबदारी सर्वस्वी आपलीच. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणारी फी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे. कोणी लाखाची भाषा केली तर तिथून उठावे. करारात हुद्दा ‘टेक्निशियन’ लिहिला आहे की ‘हेल्पर’, हे विमानात बसण्याआधी पाहावे, नंतर नव्हे.

आणि ज्यांना नोकरीत राहायचेच नाही त्यांच्यासाठी. पाच-सात वर्षांनी दोघा-तिघांनी मिळून पॅनेल वायरिंगचे किंवा वार्षिक देखभालीचे छोटे काम सुरू करता येते. एक शेड, चांगला क्रिम्पर, केबलवर नंबर छापायचे यंत्र, दोन लॅपटॉप. भांडवल एका जुन्या लूमच्या शेडपेक्षा कमी लागते. अडचण असते ती उधारीची, आणि इथे कापडवाल्याचा सल्ला ऐकावा. मोठा ठेकेदार बिलातले पाच ते दहा टक्के अनामत म्हणून अडकवून ठेवतो आणि वर्षभराची दोषमुक्तीची मुदत संपल्यावर देतो. तो नफा समजून आधीच खर्च करू नये. जीएसटी मात्र बिल फाडले त्या महिन्याच्या हिशेबात येतो, पैसे मिळोत न मिळोत. पहिल्या वर्षी एकाच ठेकेदारावर विसंबू नये, आणि देखभालीचे एखादे तरी काम हातात ठेवावे, कारण ते पैसे तिमाहीला ठरल्या दिवशी येतात आणि मुलांचा पगार त्यातून निघतो.

अनामत सोडवताना ठेकेदार नेहमी एकच अडचण काढतो : प्रत्यक्ष जशी जोडणी झाली तसे अंतिम नकाशे द्या. कुठल्या केबलला कुठला नंबर, कुठला कंट्रोलर कुठल्या पत्त्यावर, कोणता सेन्सर ऐनवेळी खांबावर सरकवला. बहुतेकजण हे काम शेवटी करू म्हणून ठेवतात आणि शेवटी ती माणसे दुसऱ्या साइटवर गेलेली असतात. भाचा मूळ नकाशाची एक प्रत साइटवर घडी करून खिशात ठेवतो आणि बदल झाला की त्याच वेळी लाल पेनाने त्यावर खूण करतो. त्याची अनामत आजवर मुदतीबाहेर कोणी अडकवलेली नाही.